घोडीच्या गर्भाशयातल्या द्रवातली प्रथिने: आकडा तिप्पट झाला म्हणजे नेमके काय झाले?

आगरवाड्याची नात | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार. आम्ही पेडण्याचे. बाबा पंचवीसेक वर्षे घोडे पाळतात, सध्या दोन घोड्या आहेत. त्यातली शेवंती मारवाडी, वय १४. दोन वेळा व्याली आहे, शेवटचे शिंगरू ६ वर्षांपूर्वीचे. गेल्या हंगामात तीन माजांत घोडा लावला आणि तिन्ही वेळा ती रिकामी राहिली. घोड्यात दोष नाही, त्याच घोड्याकडून इतर घोड्या गाभण राहिल्या आहेत.

या वर्षी बाहेरून एक डॉक्टर आले. त्यांनी गर्भाशयात सलाईन सोडून ते परत काढून घेतले आणि प्रयोगशाळेत पाठवले. असे दोनदा झाले. पहिल्या अहवालात एकूण प्रथिने ०.४ मिग्रॅ प्रति मिली, दुसऱ्यात १.३. खाली एकच ओळ: 'प्रथिनांत लक्षणीय वाढ, दाह संभवतो.' डॉक्टर आता फोनवर भेटत नाहीत. बाबा दोन दिवस नीट जेवलेले नाहीत. शेवंतीला ते विकणार नाहीत, पण 'पोटात पू झालाय म्हणजे आता संपलं' असे त्यांच्या मनाने घेतले आहे.

मला एवढेच विचारायचे आहे. ०.४ चे १.३ झाले म्हणजे तिप्पट बिघडले, असाच याचा अर्थ होतो का?

सावंतवाडीचा घोडेवाला | रविवार, रात्री १०.१५

ताई, आकड्यावर जाऊ नका. माझ्याकडची एक घोडी चार वर्षे रिकामी होती आणि पाचव्या वर्षी राहिली. घोडी खाते का, शेपटीखाली चिकटपणा आहे का, माज वेळेवर येतो का, हे आधी सांगा. बाबांना म्हणावे, जेवून घ्या.

निवृत्त पशुवैद्य, फोंडा | सोमवार, सकाळी ६.५०

बाय, बाबांना आधी हे वाचून दाखव: एका अहवालावरून कुठलीही घोडी संपत नाही.

गर्भाशयातल्या द्रवात प्रथिने असतात याचे कित्येकांना आश्चर्य वाटते, म्हणून थोडे मुळापासून सांगतो. गाय-म्हशीपेक्षा घोडीचे वेगळे आहे. बीज फळले की गर्भ सहाव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयात उतरतो आणि सोळाव्या दिवसापर्यंत एका जागी बसतच नाही. गर्भाशयाच्या दोन फाट्यांना शिंगे म्हणतात. एका शिंगातून दुसऱ्या शिंगात, परत मधल्या भागात, असा दिवसभर फिरत असतो. वार भिंतीला धरायला सुरुवात होते ती साधारण चाळिसाव्या दिवसाच्या पुढे. तोवर त्याने खायचे काय? गर्भाशयाच्या ग्रंथी जे पाझरतात ते. जुने लोक त्याला गर्भाशयाचे दूध म्हणत, आणि ते नाव मला अजूनही सगळ्यांत योग्य वाटते. त्या दुधात यूटरोकॅलिन नावाचे प्रथिन असते, ते स्निग्धाम्ले आणि अ जीवनसत्त्व गर्भापर्यंत पोचवते. यूटरोफेरिन असते, ते लोह नेते. शिवाय रक्तातून झिरपलेले अल्ब्युमिन, संरक्षणासाठी प्रतिपिंडे, लॅक्टोफेरिन, लायसोझाइम.

म्हणजे द्रवात प्रथिने असणे हा आजार नाही. ती नसती तर शिंगरू झालेच नसते. कुठली आहेत, कुठल्या दिवशी आहेत आणि तिथे कशी आली, हे पाहायचे असते.

आता माझे प्रश्न. दोन्ही नमुने माजाच्या कितव्या दिवशी घेतले? त्या फेरीत घोडा लावला होता का? द्रवाचा रंग कसा होता?

काचनळी | सोमवार, सकाळी ९.०५

मी ताळगावला राहते, जीवरसायनशास्त्रात काम करते. घोड्यांतले मला काही कळत नाही, प्रथिने मोजण्यातले कळते. डॉक्टरकाकांच्या प्रश्नांत माझेही मिसळते:

किती मिली सलाईन आत सोडले? त्यातले किती परत आले? नमुना गोठवण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला होता का? कोणत्या पद्धतीने मोजले? दोन्ही वेळा तीच पद्धत होती का?

हे विचारण्याचे कारण असे. घोडीच्या गर्भाशयात मूळचा द्रव असतो अगदी थोडा, नुसता काढू म्हटले तर हाती लागत नाही. म्हणून पाणी घालून धुऊन काढावा लागतो. म्हणजे प्रयोगशाळेत जाते ते धुवण. सोलकढीच्या भांड्यात तळाला दोन चमचे उरली असताना त्यात तांब्याभर पाणी घालून विसळले आणि ते पाणी चाखून 'कढी पातळ झाली होती' असे कोणी म्हटले, तर आपण विचारू ना, की बाबा, पाणी किती घातलेस? मिग्रॅ प्रति मिली हा आकडा त्या धुवणाचा आहे. गर्भाशयाचा नाही.

आगरवाड्याची नात | सोमवार, दुपारी १.३०

सगळ्यांना देव बरें करूं. बाबांची वही आणि अहवाल शेजारी ठेवून लिहिते आहे.

पहिला नमुना: माजाचा तिसरा दिवस. १५० मिली सोडले, १३० परत आले. थोडे गढूळ, बाकी पाण्यासारखे.

दुसरा नमुना: माज उतरून आठ दिवस झाले होते, कारण डॉक्टर तेव्हाच गोव्यात येणार होते. ६० मिली सोडले, ४० परत आले. नळी घालताना जरा त्रास झाला होता. द्रवाला फिकट गुलाबी झाक होती. बाबांनी वहीत 'गुलाबी' लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या आहेत.

घोडा लावला नव्हता. पद्धत दोन्ही अहवालांत ब्रॅडफर्ड. सेंट्रिफ्यूजचे ठाऊक नाही. मासळीच्या पेटीत बर्फ भरून नमुना म्हापशापर्यंत गेला, तिथे गोठवला आणि मग पुढे रवाना झाला.

दुसऱ्या वेळी काम झाल्यावर डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिले होते, घोडी लवकर माजावर यावी म्हणून.

गणितप्रेमी | सोमवार, दुपारी २.१०

घोड्यांशी माझा संबंध शिगम्यातल्या घोडेमोडणीपुरता, पण आकडे पाहून राहवले नाही. १३० मिली गुणिले ०.४ म्हणजे ५२ मिग्रॅ. ४० मिली गुणिले १.३ म्हणजेही ५२ मिग्रॅ! परत आलेल्या पाण्यातली एकूण प्रथिने दोन्ही वेळा अगदी सारखी आहेत. मग तिप्पट कुठून झाली?

काचनळी | सोमवार, संध्याकाळी ७.२०

गणितप्रेमी, तुम्ही दार उघडलेत. फक्त अजून एक पाऊल आत जायला हवे.

जे २० मिली दोन्ही वेळा आत राहिले त्यातही प्रथिने आहेतच. पाणी आत नीट मिसळले असे धरले, तर हिशेब सोडलेल्या पाण्यावर करायचा. १५० गुणिले ०.४ म्हणजे ६० मिग्रॅ. ६० गुणिले १.३ म्हणजे ७८ मिग्रॅ. खरे उत्तर या दोन हिशेबांच्या अधेमधे कुठेतरी असेल, कारण ६० मिली पाणी एवढ्या मोठ्या गर्भाशयाच्या कानाकोपऱ्यात पोचतेच असे नाही. पण कसाही हिशेब करा, तिप्पट येत नाही. जास्तीत जास्त फरक १८ मिग्रॅचा.

आता त्या १८ मिग्रॅकडे पाहू. बाबांनी 'गुलाबी'खाली दोन रेघा मारल्या ते फार चांगले केले, अहवालातल्या आकड्यापेक्षा मला त्या रेघांनी जास्त सांगितले. घोड्याच्या एक मिली रक्तात हिमोग्लोबिन आणि रक्तद्रवातली प्रथिने मिळून ढोबळमानाने १५० ते २०० मिग्रॅ प्रथिने असतात. म्हणजे ०.१ मिली रक्तात १५ ते २०. ०.१ मिली म्हणजे दोन थेंब. नळी घालताना आतल्या अस्तराला जरासे खरचटले आणि दोन थेंब रक्त मिसळले, एवढ्याने सगळा फरक भरून निघतो.

नमुना फिरवून पेशी आधीच खाली बसवल्या असत्या तर निदान तांबड्या पेशींतले हिमोग्लोबिन वगळता आले असते. तसेच गोठवले तर पेशी फुटतात आणि त्यांच्या आतले सगळे द्रवात उतरते. पांढऱ्या पेशींचेही तेच. मग बाहेर पाझरलेले प्रथिन कोणते आणि पेशी फुटून आलेले कोणते, हे कोणालाच वेगळे करता येत नाही.

रक्त मिसळलेच होते असा माझा दावा नाही. वाढ समजावून सांगायला दाहाची गरज पडत नाही, इतकेच म्हणते आहे.

निवृत्त पशुवैद्य, फोंडा | सोमवार, रात्री ८.४५

काचनळी यांनी माझे अर्धे काम केले. उरलेले अर्धे दिवसांचे.

बाय, तुझा पहिला नमुना माजातला आहे, दुसरा माज उतरल्यावरचा. घोडीची फेरी साधारण २१-२२ दिवसांची. माजात इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे राज्य असते. बीज सुटले की प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक चढते, गर्भाशयाचे तोंड घट्ट मिटते आणि ग्रंथी कामाला लागतात. वर ज्या यूटरोकॅलिनचे नाव घेतले, ते प्रोजेस्टेरॉनच्या हुकमावरच पाझरते. घोडीला गर्भ राहिला आहे की नाही हे शरीराला अजून कळलेले नसते, पण पाहुणा येईल म्हणून स्वयंपाक सुरू होतो. तेव्हा माजातल्यापेक्षा त्या दिवसांत द्रवातली प्रथिने वाढलेली सापडणे हे निरोगी घोडीचे लक्षण आहे. कुठल्या दिवशीचे हे न लिहिता दोन आकडे शेजारी मांडणे म्हणजे भरतीचे आणि ओहोटीचे पाणी मोजून मांडवी वाढली म्हणण्यासारखे आहे.

एक गोष्ट मात्र मनापासून खटकली, ती बोलतो. ते डॉक्टर कोण हे मला ठाऊक नाही, जाणूनही घ्यायचे नाही. पण तोंड मिटलेले असताना, प्रोजेस्टेरॉनखाली असलेल्या गर्भाशयात नळी घालणे मी शक्यतो टाळतो. त्या दिवसांत गर्भाशयाची स्वतःला साफ करण्याची ताकद कमी असते, आत गेलेले जंतू टिकतात. इंजेक्शन दिले ते बरे झाले. तो प्रोस्टाग्लँडिन असणार. त्याने घोडी तीन-पाच दिवसांत पुन्हा माजावर येते आणि आत गेलेले बाहेर पडायला वाट मिळते. तिच्यावर लक्ष ठेव.

अजून एक. पुढे कधी कृत्रिम रेतन केले, तर त्यानंतरच्या नमुन्यात प्रथिने मोजूच नकोस. घोड्याचे वीर्य ज्यात मिसळून ठेवतात त्या पातळकात बहुतेक वेळा मलई काढलेले दूध असते, कधी अंड्याचा बलक. मग आपण मोजतो दुधाचे केसिन. घोडा प्रत्यक्ष लावला तरी वीर्यातली प्रथिने राहतातच.

बंदर आणि बाजार | सोमवार, रात्री ११.०५

विषयाला थोडे सोडून. गोवा आणि घोडे म्हटले की मला बंदर आठवते. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतले त्याच्या कितीतरी आधीपासून इथे होर्मुझकडून अरबी घोडे उतरत आणि घाट चढून विजयनगरला जात. पोर्तुगिजांनी तोच व्यापार आपल्या मुठीत घेतला. दर वर्षी नवे घोडे लागत, कारण दक्षिणेत घोड्यांची पैदास नीट होत नाही असा समज होता. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलोने तमिळ किनाऱ्याबद्दल तसेच लिहून ठेवले आहे: उत्तम घोडीला उत्तम घोडा लावला तरी वाकड्या पायांचे, कुचकामी शिंगरू होते. यात हवेचा दोष खरेच असेल का?

निवृत्त पशुवैद्य, फोंडा | मंगळवार, सकाळी ६.३०

त्याच मार्को पोलोने तिथे घोड्यांना शिजवलेला भात आणि मांस घालतात असेही लिहिले आहे. ज्या घोडीला गवत नाही, तिचे शिंगरू सरळ पायांचे कसे होणार? पावसाळ्यातल्या दमट हवेने तबेल्यात बुरशी आणि जंतू वाढतात हे खरे, तो त्रास मी आयुष्यभर पाहिला. पण एका बाबतीत आपली जागा घोडीला सोयीची आहे. घोडी मोठ्या दिवसांत माजावर येणारे जनावर. उत्तरेकडे हिवाळ्यात दिवस फार लहान होतो आणि बऱ्याच घोड्यांचा माज बंद पडतो. गोव्यात सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत दोन तासांचाही फरक नाही.

पुण्याचा घोडेडॉक्टर | मंगळवार, सकाळी १०.२०

मी पुणे परिसरात शर्यतीच्या घोड्यांच्या पैदास केंद्रांवर काम करतो. थॉरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही, घोडा प्रत्यक्षच लावावा लागतो, त्यामुळे लावल्यानंतरचा दाह आमच्या रोजच्या पाहण्यातला.

वरची चर्चा आवडली, पण स्पष्ट बोलतो. एकूण प्रथिने मोजून मी आजवर एकाही घोडीवर उपचार ठरवलेला नाही. माझ्या हातात सोनोग्राफी असते, माजात आत २ सेंटिमीटरपेक्षा खोल द्रव दिसला की कान टवकारतो. मग कमी पाण्याचे धुवण घेतो, ते खाली बसू देतो, तळाच्या गाळाची काचपट्टी करून पांढऱ्या पेशी पाहतो आणि उरलेला गाळ जंतू वाढवायला पाठवतो. नुसत्या बोळ्याने एवढ्याशा जागेचा नमुना मिळतो, धुवणाने सगळ्या अस्तराचा मिळतो. वय झालेली घोडी असेल तर अस्तराचा तुकडा काढून तपासून घेतो. केनी यांनी १९७८ मध्ये घालून दिलेली त्याची प्रतवारी आजही चालते, पुढे तिच्यातल्या दुसऱ्या प्रतीचे दोन भाग पडले एवढेच. त्या प्रतीवरून घोडी शिंगरू पूर्ण दिवस पोटात धरू शकेल का याचा अंदाज येतो.

घोडेवाल्याचे पैसे मोजके असतात. ते पेशींवर आणि जंतूंवर खर्च करा. प्रथिने ही संशोधनाची गोष्ट आहे.

काचनळी | मंगळवार, दुपारी १२.४०

पैशांचा मुद्दा पूर्ण मान्य. एकूण प्रथिनांच्या एकट्या आकड्यावर उपचार ठरवू नयेत, हेही. पण 'प्रथिने ही फक्त संशोधनाची गोष्ट' इथे मी थांबणार नाही. चूक मोजण्यात नाही, सगळ्यांची मोट बांधून एकच आकडा काढण्यात आहे.

ब्रॅडफर्डचेच घ्या. १९७६ पासूनची पद्धत, निळा रंग प्रथिनाला चिकटतो आणि ५९५ नॅनोमीटरला वाचतात. स्वस्त, झटपट, पाच मिनिटांत उत्तर. पण हा रंग सगळ्या प्रथिनांना सारखा चिकटत नाही. तुलनेला बहुधा गाईचे अल्ब्युमिन घेतात आणि अल्ब्युमिनला तो भरपूर चिकटतो. तेवढ्याच वजनाच्या प्रतिपिंडांना जेमतेम अर्ध्याच्या आसपास. म्हणजे खरोखर दाह असेल, द्रवात प्रतिपिंडे वाढली असतील, तर नेमकी तीच वाढ ही पद्धत कमी दाखवते. साखर जडलेल्या प्रथिनांचेही तेच, आणि गर्भाशयाच्या चिकट स्रावात ती बरीच असतात. २८० नॅनोमीटरला थेट प्रकाश शोषून मोजणारे यंत्र वापरले तर उलटी अडचण: पू झालेल्या नमुन्यात फुटलेल्या पांढऱ्या पेशींचा डीएनए असतो, तोही प्रकाश शोषतो आणि आकडा फुगतो. मी अशा द्रवाला बीसीए ही दुसरी रंगपद्धत वापरेन, तिथे प्रथिनाप्रथिनांतला फरक कमी पडतो. पण नमुना घेताना ईडीटीए (रक्त गोठू नये म्हणून नळीत घालतात ते) घातले असेल तर तीही बिघडते.

मग काय मोजावे? मला विचाराल तर प्रमाण. त्याच दिवशीचे घोडीचे रक्तही घ्या. रक्तात अल्ब्युमिनच्या मानाने प्रतिपिंडे किती आणि धुवणात किती, हे शेजारी ठेवून पाहा. धुवणात ती रक्तातल्याच प्रमाणात असतील तर रक्तद्रव झिरपून आत आला आहे. प्रतिपिंडे प्रमाणाबाहेर जास्त असतील तर ती तिथेच, अस्तरात तयार होत आहेत. पाणी किती मिसळले याने प्रमाण बदलत नाही, हा त्याचा मोठा गुण. ५० मिली घाला नाहीतर ५००.

आणि पातळ किती झाले हेच हवे असेल तर युरिया मोजा. युरिया रक्तातून सगळ्या द्रवांत सहज जातो. रक्तात तो धुवणाच्या तीसपट सापडला, तर धुवणातला तिसावा भाग मूळ द्रव होता असे धरता येते. मात्र पाणी आत जितका वेळ राहील तितका युरिया त्यात नव्याने येत राहतो. म्हणून दर वेळी तेवढीच मिनिटे ठेवायचे, घड्याळ लावून.

पुण्याचा घोडेडॉक्टर | मंगळवार, दुपारी १.१५

प्रमाणाचे पटले. तबेल्यात बसून ते कोणी करणार नाही, पण पटले. आणि रक्ताच्या दोन थेंबांचा हिशेब मी माझ्या मुलांना शिकवणार आहे.

आगरवाड्याची नात | गुरुवार, सकाळी ७.१०

शेवंती माजावर आली. काल संध्याकाळपासून शेपूट उचलते आहे. डॉक्टरकाका, तुम्ही सांगितले होते तसेच झाले.

काकांनी खाजगी निरोपात सुचवलेल्या पशुवैद्य बाई उद्या येत आहेत. काचनळीताईंनी नळ्या आणि यादी दिली आहे. सगळ्यांसाठी इथे उतरवते, चुकत असेल तर सांगा: ६० मिलीच सोडायचे, तीन मिनिटे ठेवायचे, परत आलेले मापात मोजून लिहायचे. वापरलेल्या सलाईनच्या बाटलीतले थोडे कोरे पाणी वेगळ्या नळीत ठेवायचे. हातमोज्यावरचे वंगण आणि आयोडीन नमुन्यात येऊ द्यायचे नाही. रंग लिहायचा. काचपट्टी तिथल्या तिथे करायची, जंतूंचा नमुना वेगळा. रक्ताची एक नळी. उरलेले बर्फात, दोन तासांत ताळगावला पोचवायचे, तिथे फिरवून, लहान लहान नळ्यांत वाटून मगच गोठवायचे, म्हणजे एकच नळी पुन्हा पुन्हा वितळवावी लागणार नाही.

बाबांनी मासळीची पेटी तीनदा धुऊन उन्हात ठेवली आहे.

काचनळी | गुरुवार, सकाळी ८.००

सगळे बरोबर आहे. पेटीत बर्फ आणि पाणी दोन्ही असू दे, नुसते बर्फाचे तुकडे नळीला नीट टेकत नाहीत. आणि जमले तर एक काम कर: जुन्या प्रयोगशाळेत दुसऱ्या नमुन्याची एखादी नळी शिल्लक असेल तर मागून घे.

आगरवाड्याची नात | पुढचा बुधवार, रात्री ९.००

घाईत लिहिते, बाई आत्ताच गेल्या. काचपट्टीवर पांढऱ्या पेशी भरपूर दिसल्या. जंतूंच्या तपासात स्ट्रेप्टोकॉकस झूएपिडेमिकस आला. सोनोग्राफीत साधारण ३ सेंटिमीटर द्रव. म्हणजे दाह होताच. जुन्या अहवालातली ओळ खरीच निघाली. मला थोडे रडू आले, खोटे कशाला सांगू.

निवृत्त पशुवैद्य, फोंडा | बुधवार, रात्री ९.२५

बाय, डोळे पूस. घोडीच्या गर्भाशयात सर्वांत जास्त सापडणाऱ्या जंतूंपैकी हा एक, आणि हा निदान लपून तरी राहत नाही. ई. कोलाय असता तर अनेकदा आत पाणीही दिसत नाही, पेशीही फारशा नसतात, आणि घोडी वर्षानुवर्षे रिकामी राहते. इथे काय झाले आहे ते आपल्याला नावानिशी ठाऊक आहे.

ती ओळ खरी निघाली असे मात्र म्हणू नकोस. ज्या आकड्यावरून ती लिहिली, त्या आकड्यातून ते दिसतच नव्हते. पेशी मोजल्या म्हणून दिसले.

काचनळी | शुक्रवार, संध्याकाळी ६.३०

जेलचा निकाल आला. त्यावर प्रथिने वजनाप्रमाणे वेगळी होतात, हलकी खाली पळतात, जड वर राहतात. चार रांगा होत्या: शेवंतीचे रक्त, परवाचे माजातले धुवण, जुन्या दुसऱ्या नमुन्याची परत मिळालेली नळी आणि कोरे सलाईन. कोरे खरोखर कोरे आहे.

माजातल्या धुवणात ६६-६७ किलोडाल्टनला (प्रथिनाच्या वजनाचे हे माप) अल्ब्युमिनचा जाड पट्टा, ५० आणि २५ ला प्रतिपिंडांच्या तुकड्यांचे पट्टे. रक्ताच्या रांगेत त्यांचे जे परस्परप्रमाण, जवळपास तेच इथे. रक्तद्रव झिरपून आत आला आहे. पेशी आणि जंतू सांगतात त्याला हे धरून आहे.

आता जुनी नळी. १६ च्या आसपास ठळक पट्टा, हिमोग्लोबिनच्या साखळ्यांची जागा तीच. रक्त मिसळले होते. आणि त्याच्या जरा वर, १९ ला, आणखी एक स्वच्छ पट्टा, जो माजातल्या धुवणात अजिबात नाही. नावानिशी सांगायला प्रतिपिंड लावून पाहावे लागेल किंवा मास स्पेक्ट्रोमेट्री, पण ही जागा आणि हा दिवस पाहता ते यूटरोकॅलिन असावे असे मी धरून चालले आहे.

आगरवाड्याची नात, बाबांना हे नक्की सांग. घोडीला आजार आहे. पण तिच्या ग्रंथी वेळ आल्यावर दूध पाझरतात. चौदा वर्षांच्या घोडीच्या बाबतीत मला हा पट्टा पाहून फार आनंद झाला, चार वेळा पाहिला.

पुण्याचा घोडेडॉक्टर | शुक्रवार, रात्री ८.१०

हे मी काचपट्टीवर कधीच पाहू शकलो नसतो. अस्तराच्या तुकड्याची तपासणी अजून सांगेन, कारण ग्रंथींभोवती तंतू किती वाढलेत ते त्यातच कळते. पण जेलचे चित्र शक्य असेल तर पाठवा.

उपचाराबद्दल, बाई करतीलच, तरी लिहितो. लिटर-लिटर रिंगर लॅक्टेटने (सलाईनसारखेच क्षारांचे पाणी) धुणे, स्वच्छ परत येईपर्यंत. मागून ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भाशय आवळून पाणी बाहेर टाकेल. जंतूंच्या तपासणीनुसार प्रतिजैविक. योनीच्या ओठांची ठेवणही पाहा, वय झालेल्या घोडीत ते आडवे पडून हवा आणि लीद आत ओढली जाते. तसे असेल तर कॅसलिकचे टाके घालावे लागतील, नाहीतर सगळी मेहनत वाया. आणि पुढे घोडा लावाल तेव्हा ४ ते ६ तासांनी एकदा धुऊन घ्या. शुक्राणू चार तासांत बीजनलिकेत पोचलेले असतात, त्यांना त्रास होत नाही. मागे राहते ती घाण निघते.

सावंतवाडीचा घोडेवाला | शुक्रवार, रात्री ९.५०

आकड्यावर जाऊ नका, असे मीच पहिल्या दिवशी लिहिले होते. आता म्हणतो, आकड्याच्या शेजारी काय लिहिले आहे ते पाहा. माझ्या घोडीचे मागच्या वर्षीचे अहवाल काढून बसलोय. एकावरही किती पाणी घातले ते लिहिलेले नाही.

आगरवाड्याची नात | रविवार, दुपारी ४.१५

आज धुण्याचा तिसरा दिवस. ओठांना टाके लागणार आहेत, बाई पुढच्या आठवड्यात घालतील. या माजात घोडा लावायचा नाही असे ठरले.

पहिल्या दिवशी पाणी तांदळाच्या धुवणासारखे आले होते, काल थोडे कमी गढूळ. आज बाबांनी मापाचे भांडे खिडकीजवळ उजेडात धरले आणि मला हाक मारली. भांड्यापलीकडचा माड दिसत होता. वहीत त्यांनीच लिहिले आहे: घातले १०००, आले ९४०, रंग नाही. 'रंग नाही'खाली दोन रेघा.